कन्सोलमागील रचनासंच आणि देवनागरी लिपी

१. प्रास्ताविक

छापील ग्रंथ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अक्षरे असतात. ती ज्या खिळ्यांनी उमटली ते खिळे नसतात, आणि ते खिळे ज्या मातृकांतून ओतले गेले त्या मातृका तर बहुतेक वाचकांनी जन्मात पाहिलेल्या नसतात. तथापि कोणते जोडाक्षर पुस्तकात येऊ शकेल आणि कोणते हलन्त चिन्हाने फोडून लिहावे लागेल, याचा निर्णय ग्रंथकाराच्या हाती नव्हता. तो ओतशाळेत अगोदरच झालेला असे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक त्याने छापलेल्या ग्रंथांइतकाच त्याच्या अक्षरांच्या ओतकामावर उभा होता, तो याच कारणाने.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता मुद्रणापासून फार दूरचा आहे. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळावयाच्या यंत्रास आज सर्वत्र ‘कन्सोल’ म्हणतात. हे यंत्र घरोघर दिसते. परंतु त्यावरील खेळ ज्या उपकरणांवर आणि ज्या साधन-प्रोग्रॅमांच्या साहाय्याने रचले जातात, ती सामान्य ग्राहकास विकली जात नाहीत व दाखविलीही जात नाहीत. त्यांस व्यवसायात ‘डेव्हकिट’ असे नाव आहे. या लेखात त्यांस आपण ‘रचनासंच’ म्हणू. माझे प्रतिपादन एवढेच आहे की, एखादा खेळ कोणत्या भाषेत बोलेल व कोणत्या लिपीत लिहील याची मर्यादा खेळाच्या लेखकाने लेखणी उचलण्यापूर्वीच या रचनासंचात आखली गेलेली असते. आणि म्हणून मराठीच्या अभ्यासकाने या अदृश्य साधनांकडे दुर्लक्ष करणे इष्ट नाही.

२. रचनासंच म्हणजे काय?

सर्वसाधारण संगणक आणि कन्सोल यांत एक मूलभूत भेद आहे. संगणकावर जो प्रोग्रॅम चालतो तो त्याच संगणकावर लिहिता येतो. कन्सोलवर मात्र केवळ खेळता येते, लिहिता येत नाही. त्यामुळे खेळ एका यंत्रावर लिहावयाचा आणि तो दुसऱ्या यंत्रावर चालवावयाचा, अशी विभागणी अपरिहार्य ठरते. खेळ लिहिणारा आपल्या संगणकावर सी किंवा सी++ यांसारख्या भाषेत आज्ञा लिहितो; ‘कंपायलर’ नावाचा प्रोग्रॅम त्या आज्ञांचे रूपांतर त्या संगणकाच्या नव्हे, तर कन्सोलच्या प्रोसेसरला समजणाऱ्या संकेतांत करतो; आणि हे संकेत तारेने जोडलेल्या रचनासंचात जाऊन तेथे प्रत्यक्ष चालतात.

रचनासंच हा बाह्यतः कन्सोलसारखाच, पण अंतर्यामी निराळा असतो. त्यात पुष्कळदा विक्रीच्या यंत्राहून अधिक मेमरी असते, कारण अपूर्ण खेळ हा पूर्ण खेळापेक्षा नेहमीच अधिक जागा व्यापतो. चालता खेळ मध्येच थांबवून, या क्षणी मेमरीच्या कोणत्या कप्प्यात काय आहे हे पाहण्याची सोय त्यात असते. हे काम ज्या प्रोग्रॅमने होते त्यास ‘डिबगर’ म्हणतात. याशिवाय ‘टेस्टकिट’ नावाचा दुसरा, साधा प्रकार असतो. तो विक्रीच्या यंत्राप्रमाणेच वागतो, मात्र अद्याप मान्यता न मिळालेला खेळही चालू देतो. विक्रीचे यंत्र तसे करीत नाही. ज्या खेळावर निर्मात्या कंपनीची सांकेतिक मुद्रा उमटलेली नाही, तो आधुनिक कन्सोल उघडतच नाही.

यंत्रांबरोबर दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे तयार आज्ञासंग्रह, ज्यांस ‘लायब्ररी’ म्हणतात. चित्र रेखाटणे, ध्वनी काढणे, अक्षर उमटविणे ही कामे प्रत्येक लेखकाने नव्याने करावयाची नसतात. ती या संग्रहांतून उचलावयाची असतात. दुसरी म्हणजे नियमावली. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तिन्ही कंपन्या खेळ प्रकाशित होण्यापूर्वी त्याची तांत्रिक परीक्षा घेतात. निन्टेंडोच्या परीक्षेस ‘लॉटचेक’ हे नाव आहे. या नियमांत भाषाशास्त्रज्ञाने लक्ष द्यावे अशी एक बाब आहे: नियंत्रकाची बटणे, खेळाची साठवण, वापरणाऱ्याचे खाते इत्यादींसाठी प्रत्येक भाषेत कोणता शब्द वापरावा हेही ठरवून दिलेले असते. ही खरी पारिभाषिक कोशरचनाच होय. परंतु ज्या भाषा यंत्राच्या व्यवस्थेत आहेत त्यांच्याच वाट्याला ती येते. प्रमुख कन्सोलांच्या व्यवस्था-भाषांत मराठी नाही. तेव्हा ही परिभाषा मराठीत घडविण्याचा प्रसंगच आजवर उद्भवलेला नाही.

३. साधनाची मर्यादा आणि लिपी: जपानी उदाहरण

साधन लिपीला कसे वाकविते याचे स्पष्ट उदाहरण जपानी भाषेत सापडते. निन्टेंडोचा ‘फॅमिकॉम’ हा कन्सोल १९८३ मध्ये जपानात आला. त्याची कार्यकारी मेमरी अवघी दोन किलोबाइट. पडद्यावरील पार्श्वभूमी आठ बिंदू रुंद व आठ बिंदू उंच अशा चौकटी जुळवून तयार करावयाची, आणि एका वेळी हाताशी असलेल्या अशा भिन्न चौकटींची संख्या २५६. डोंगर, झाडे, भिंती आणि अक्षरे या सर्वांनी याच २५६ जागा आपसांत वाटून घ्यावयाच्या. जपानी लेखनात काना ही अवयव-चिन्हे आणि कांजी ही चिनी मूळची भावचिन्हे मिसळलेली असतात. काना आठ-आठच्या चौकटीत कशीबशी बसतात; कांजी बसत नाहीत, आणि त्यांची संख्याही परवडत नाही. परिणामी त्या काळातील खेळांतले जपानी लेखन बहुतांशी केवळ कानांचे झाले.

‘ड्रॅगन क्वेस्ट’ या १९८६ मधील प्रसिद्ध खेळात तर संकोच याहूनही पुढे गेला. संपूर्ण खेळ ६४ किलोबाइटांच्या कार्ट्रिजमध्ये बसवावयाचा असल्यामुळे कताकाना चिन्हांपैकी सुमारे वीसच ठेवण्यात आली, आणि खेळातील राक्षसांची व स्थळांची नावे त्या वीस चिन्हांत लिहिता येतील अशीच योजावी लागली. नामकरणाचा एवढा कठोर ध्वनिनियम कोणत्याही व्याकरणकाराने घातला नसेल. तो मेमरीने घातला.

आता कल्पना करावी की, त्याच यंत्रावर कोणास मराठी लिहावयाचे होते. देवनागरीत अक्षराचे तीन मजले असतात: शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, मध्ये मूळ वर्ण, खाली उकार आणि ऋकार. आठ बिंदूंच्या उंचीत हे तीन मजले रचणे जवळजवळ अशक्य, आणि स्वरयुक्त व जोडाक्षरी रूपांची संख्या पाहता २५६ जागा चित्रांना एकही न देता संपल्या असत्या. रोमी लिपीची गरज सव्वीस चिन्हांत भागते. म्हणजे यंत्र ‘भाषातटस्थ’ होते असे आपण म्हणतो तेव्हा ते रोमीच्या आणि फार तर कानांच्या मापाने घडलेले होते, एवढेच वस्तुतः खरे.

४. संचाचे बदलते स्वरूप

पुढील चाळीस वर्षांत रचनासंच कसा बदलला हे थोडक्यात पाहू. १९७७ च्या अटारी २६०० या यंत्रात १२८ बाइट मेमरी होती आणि तयार आज्ञासंग्रह मुळीच नव्हता. लेखकाने प्रोसेसरशी त्याच्या मूळ बोलीतच बोलावयाचे. सोनीचा प्लेस्टेशन १९९४ मध्ये निघाला आणि सी भाषेत लिहिण्याची सोय असलेले आज्ञासंग्रह त्याबरोबर आले. साध्या संगणकाच्या आत बसविता येईल असे एक कार्ड आणि ‘साय-क्यू’ नावाचा साधन-प्रोग्रॅम यांमुळे लहान कंपन्यांनाही त्यावर खेळ लिहिता येऊ लागले. १९९६ मध्ये सोनीने ‘नेट यारोझे’ नावाचा काळ्या रंगाचा प्लेस्टेशन विकावयास काढला. त्यावर हौशी माणसासही स्वतःचा खेळ रचता येत असे. एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल २००५ मध्ये येण्यापूर्वी त्याचे अंतिम यंत्रच तयार नव्हते; म्हणून प्रोसेसरचे कुल एक आहे एवढ्या आधारावर ॲपल कंपनीचे पॉवर मॅक जी-५ संगणक प्रारंभीचे रचनासंच म्हणून देण्यात आले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विक्रीच्या सामान्य एक्सबॉक्स वनलाच मर्यादित अर्थाने रचनासंच बनविण्याची सोय खुली केली.

या प्रवासाची दिशा उघड आहे. प्रथम साधन यंत्राच्या धातूत होते. क्रमाने ते प्रोग्रॅममध्ये सरकले. आज बहुतेक खेळ ‘इंजिन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड साधनसंग्रहात लिहिले जातात, आणि एका इंजिनातून अनेक कन्सोलांसाठी खेळ निघतो. त्याबरोबर लिपीची मर्यादाही मेमरीतून उठून इंजिनाच्या अक्षरव्यवस्थेत जाऊन बसली.

याच काळात महाराष्ट्रात घडलेली एक गोष्ट या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. कानपूरच्या आय.आय.टी.त आरंभलेले भारतीय लिप्यांविषयीचे संशोधन पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आले. संस्थेची स्थापना १९८८ ची. तेथे ‘जिस्ट’ नावाचे कार्ड सिद्ध झाले. ते संगणकात बसविले म्हणजे इंग्रजीसाठी लिहिलेल्या तत्कालीन प्रोग्रॅमांतही देवनागरी अक्षरे उमटत. साय-क्यूचे कार्ड आणि जिस्टचे कार्ड यांत कोणतेही नाते नाही. पण दोन्हींची जागा एकच होती, संगणकाच्या पेटीच्या आत, वापरणाऱ्याच्या दृष्टीआड. जिस्टबरोबर विकसित झालेल्या ‘इस्की’ या संकेतप्रमाणाच्या १९८८ च्या रूपावरून युनिकोडमधील देवनागरी विभागाची मांडणी घेण्यात आली. लिहिलेल्या क्रमाने नव्हे, तर उच्चारलेल्या क्रमाने वर्ण साठवावयाचे हे तत्त्व तेथून सर्व जगात गेले.

५. पुण्यातील एक खेळ

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ हा खेळ रचला. राजी नावाची मुलगी आपल्या गोलू या भावाच्या शोधार्थ असुरांशी लढते आणि दुर्गा व विष्णू तिच्या कथेचे निवेदन करतात, असे त्याचे कथानक आहे. हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व संगणकावर प्रकाशित झाला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील तांत्रिक भाग अधिक उद्बोधक आहे. खेळ ‘अनरियल इंजिन ४’ मध्ये लिहिला गेला. स्विचचा प्रोसेसर एआरएम कुलातील, मेमरी चार गिगाबाइट. प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांचे प्रोसेसर साध्या संगणकाच्या कुलातील, मेमरी आठ गिगाबाइट. एकच खेळ या दोन कुलांत नेणे म्हणजे एकाच आशयाचे दोन भिन्न भाषांत शब्दशः अचूक भाषांतर करणे होय, आणि ते भाषांतर प्रत्येक कंपनीच्या रचनासंचाशिवाय व अनुमतीशिवाय होत नाही. म्हणजे पुण्यात बसून जो खेळ लिहिला तो जगापुढे जाण्याचा मार्ग क्योतो, तोक्यो आणि रेडमंड येथील कंपन्यांच्या साधनांतून गेला.

२०२० मध्ये खेळ प्रकाशित झाला तेव्हा दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन इंग्रजीत होते. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी निवेदनाची भर पडली. ध्वनिमुद्रित वाणीस रचनासंच हरकत घेत नाही. कोणत्याही भाषेतील ध्वनी त्याला केवळ तरंग असतात. लेखन मात्र तसे नाही.

६. ‘रत्नागिरी’ लिहिताना काय घडते?

आपल्या गावाचेच नाव घेऊ. युनिकोडमध्ये ‘रत्नागिरी’ हा शब्द नऊ संकेतांचा आहे: र, त, हलन्त, न, आकार, ग, ऱ्हस्व इकार, र, दीर्घ ईकार. पडद्यावर मात्र चार अक्षरे दिसली पाहिजेत: र, त्ना, गि, री. त्यासाठी इंजिनाने ‘त’ आणि ‘न’ यांचे जोडाक्षर केले पाहिजे, आणि ‘ग’ नंतर साठविलेली वेलांटी उचलून ‘ग’ च्या आधी ठेवली पाहिजे. ज्या साधनाची समजूत ‘एक संकेत, एक चौकट’ अशी रोमी पद्धतीची आहे, ते ‘रत्नागिरी’ लिहिताना ‘त’ च्या पायात हलन्त ठेवते आणि वेलांटी ‘ग’ ऐवजी पुढच्या ‘र’ वर टाकते. अशी विद्रूप अक्षरे पडद्यावर आपण सर्वांनी पाहिली आहेत. दोष फाँटचा आहे असे लोक समजतात. पुष्कळदा तो अक्षरे जुळविणाऱ्या प्रोग्रॅमचा असतो.

हे जुळणीचे काम करणारा एक खुला आज्ञासंग्रह ‘हार्फबझ’ या नावाने प्रसिद्ध आहे. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुले. अनरियल इंजिनात त्याचा समावेश आहे. सर्वच इंजिनांत अशी सोय प्रारंभापासून नव्हती. ज्या इंजिनात ती नाही तेथे मराठी खेळ लिहू पाहणारास अगोदर ओतशाळाच उभारावी लागते.

त्यापुढे खास मराठीचे प्रश्न येतात. कोकणच्या माणसास ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद सांगावयास नको. एक पश्चिमेस आहे, दुसऱ्या पूर्वेस. हा भेद केवळ रफार आणि अर्धा ‘र’ यांवर उभा आहे. अर्ध्या ‘र’ चे हे रूप हिंदीला लागत नाही. म्हणून हिंदीपुरती देवनागरी तपासलेले साधन मराठीत चुकण्याचा संभव राहतो. तसेच पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात पुरस्कारलेली रूपे. फाँटमध्ये ती असली तरी मजकूर मराठी आहे हे साधनास कळविल्यावाचून ती पुष्कळदा उमटत नाहीत. साधनाच्या यादीत मराठी हे नावच नसेल तर कळविणार कसे?

लिपीनंतर व्याकरण. खेळातील वाक्ये पुष्कळदा साच्यातून निघतात: ठरावीक वाक्यात वस्तूचे नाव घालावयाची एक रिकामी जागा. इंग्रजीत क्रियापद हलत नाही, म्हणून एक साचा पुरतो. मराठीत ‘भाला मिळाला’, ‘तलवार मिळाली’, ‘शस्त्र मिळाले’ अशी तीन रूपे एकवचनातच होतात, आणि ‘बाण मिळाले’, ‘तलवारी मिळाल्या’, ‘शस्त्रे मिळाली’ ही अनेकवचने वेगळीच. अनरियल इंजिनाच्या वाक्यरचना-साधनात लिंगानुसार पर्याय देण्याची सोय असून तीत नपुंसकलिंगासही स्थान आहे. ज्या साधनात ते नाही तेथे भाषांतरकारास ‘प्राप्त वस्तू: तलवार’ अशी निर्जीव वाक्ये लिहून वेळ मारून न्यावी लागते. मराठी वाचकास ती भाषांतरकाराची कसूर वाटते. वस्तुतः ती साधनातील उणीव असते.

७. गुप्तता आणि विस्मृती

या साधनांच्या अभ्यासात मोठी अडचण गुप्ततेची आहे. रचनासंच विकत न देता बहुधा कराराने दिले जातात. त्यांच्याविषयी लिहिण्यास मनाई असते. काम संपल्यावर ते परत मागवण्याचीही प्रथा आहे. त्यामुळे खेळ उरतो आणि तो कसा झाला याचा पुरावा विरून जातो. ‘किंगडम हार्ट्स’ हा २००२ मधील विख्यात खेळ सुधारून २०१३ मध्ये पुन्हा प्रकाशित करण्याची वेळ आली, तेव्हा त्याची मूळ रचनासामग्री हरवली असल्याचे आढळले आणि पुष्कळसा भाग विक्रीच्या प्रतीवरून नव्याने उभा करावा लागला. संपन्न कंपनीची ही गत, तर आपल्याकडील लहान कंपन्यांच्या सामग्रीविषयी काय बोलावे? खिळे वितळवून टाकलेल्या छापखान्याची ही स्थिती आहे.

८. उपसंहार

कन्सोलचे रचनासंच मराठीच्या द्वेषाने घडलेले नाहीत. ते घडविणारांपुढे मराठी कधी आलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. जपानी लेखन कानांच्या संकोचातून बाहेर पडले, त्याचे एक कारण मेमरी वाढली हे आहे. दुसरे कारण, साधने घडविणारे स्वतः जपानी वाचणारे होते, हे आहे. मराठीस पहिला लाभ आपोआप झाला आहे. दुसरा कोणी आणून देणार नाही.

भाषाशास्त्राच्या विभागांनी येथे करण्यासारखे काम आहे, आणि त्यास रचनासंच हाताशी असण्याची आवश्यकता नाही. कोणत्याही इंजिनाची मराठी तपासण्यासाठी एक लहानशी प्रमाण शब्दसूची आपण सिद्ध करू शकतो. ‘रत्नागिरी’ वेलांटीच्या स्थानासाठी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘वऱ्हाड’ आणि ‘कुऱ्हाड’ अर्ध्या ‘र’ साठी. ‘मार्मिक’ एकाच अक्षरावर रफार व वेलांटी यांची जुळणी पाहण्यासाठी. ‘वाङ्मय’, ‘राष्ट्र’ आणि ‘षट्कोन’ जोडाक्षरांसाठी. ‘ॲप’ आणि ‘ऑगस्ट’ नव्या स्वरांसाठी. ‘लाल’ आणि ‘शाळा’ मराठी वळणाच्या अक्षरांसाठी. तिला लिंग-वचनाच्या साच्यांची एक पुरवणी जोडावी. पदव्युत्तर वर्गातील दोन-तीन विद्यार्थ्यांनी एका सत्रात पुरे करावे एवढे हे काम आहे. पुढे पुण्यामुंबईत वा आपल्या जिल्ह्यात कोणी मराठी खेळ लिहावयास बसेल, तेव्हा त्याच्या पेटीत कोणता खिळा नाही हे त्याला पहिल्याच दिवशी कळेल.